रविवारची भाजी शनिवारपर्यंत: आमच्या घरात भाजी-फळं कशी टिकवतो

आमच्याकडं भाजी आठवड्यातनं एकदाच येते, रविवारी. लक्ष्मीपुरीच्या बाजारात सकाळी लवकर जायचं, दोन पिशव्या आणि एक बुट्टी भरून आणायची आणि पुढच्या शनिवारपर्यंत त्यावरच ढकलायचं, मध्येच काही लागलं तर कपिलतीर्थ मार्केट आहेच. (आणि हो, मी बाईमाणूस आहे, पण आम्ही कोल्हापूरच्या बायका ‘मी आणतो, मी करतो’ असंच बोलतो, तसंच लिहिणार, हसू नका.) तर सुरुवातीची दोनतीन वर्षं काय व्हायचं, रविवारी एवढी भारी दिसणारी भाजी बुधवारी निम्मी कचऱ्यात. कोथिंबिरीचा काळा चिखल, भेंडी चिकट, मिरच्यांच्या देठाला बुरशी. मला वाटायचं फ्रीज जुना झालाय. फ्रीजला काही झालं नव्हतं, मी पिशव्या जशा आल्या तशा आत कोंबायचो आणि चहा करायला जायचो, चुकत होतं ते तिथं.

हे मला एका भाजीवाल्या मावशीनं सांगितलं. मेथीची पेंडी घेताना मी म्हटलं, मावशी, किती ताजी आहे हो. तर म्हणाली, “पाणी मारलंय म्हणून टवटवीत दिसतीया. घरात गेल्यावर फडक्यावर पसर, पिशवीत तशीच ठेवलीस तर परवा नुसता चिखल हुतोय बघ.” स्वतःच्या मालाबद्दल एवढं खरं सांगणारं माणूस विरळाच. तेव्हापासनं एक नियम केला, भाजी घरी आली की पहिला अर्धा तास तिचा. त्या अर्ध्या तासात जे होतं त्यावर पुढचे सहा दिवस ठरतात, फ्रीज कितीचा आहे, डबे कुठले आहेत हे सगळं नंतरचं.

बाजारातच थोडं डोकं लावा

वजनदार आणि टणक माल आधी घ्यायचा, म्हणजे बटाटे, कांदे, कोबी, भोपळा. पालेभाजी आणि टोमॅटो सगळ्यात शेवटी. नाहीतर दोन किलो बटाट्याखाली पोकळ्याची पेंडी चेंगरून येते आणि चेंगरलेलं पान दुसऱ्या दिवशीच सडायला लागतं, त्याला जगातला कुठलाच डबा वाचवू शकत नाही. कापडी पिशवी न्या, प्लॅस्टिकमध्ये गाडीला अडकवून उन्हातनं आणलेली पालेभाजी घरी पोचेपर्यंत वाफाळलेली असते. आणि वर्षभराचा कांदा भरायचा असेल तर तो एप्रिल-मे मधला उन्हाळी, गरवा कांदाच भरा. पावसाळी हळवा कांदा कितीही जपा, त्याच्यात पाणी जास्त, तो टिकतच नाही. जाड मानेचा कांदा दिसला की बाजूला काढा, तो वापरून टाकायचा, साठवायचा नाही, मान नीट वाळलेली नसते आणि कुजायला तिथनंच सुरुवात होते.

पहिला अर्धा तास

मी सोप्यात जुनी चादर अंथरतो, पंखा लावतो आणि सगळ्या पिशव्या रिकाम्या करतो. सगळ्या म्हणजे सगळ्या, ‘हे नंतर बघू’ म्हणून एक पिशवी दाराला अडकवून ठेवली की ती गुरुवारी वासावरनं सापडते.

मग चार ढीग. एक फ्रीजबाहेर राहणाऱ्यांचा, दुसरा फ्रीजमध्ये जाणाऱ्या फळभाज्यांचा, तिसरा पाल्याचा, चौथा फळांचा. हे करताना प्रत्येक वस्तू एकदा हातात येते, आणि जे काही फुटलेलं, खरचटलेलं, किडकं, मऊ पडलेलं आहे ते एका ताटात काढायचं. त्या ताटातलं त्याच दिवशी संपवायचं. आमच्या घरी रविवारी रात्री त्याची मिक्स भाजी नाहीतर पातळ आमटी असते, पोरं नाक मुरडतात, पण खातात.

पेंड्यांचे दोरे आणि रबर लगेच काढायचे, बांधलेल्या जागी हवा जात नाही आणि सड तिथंच धरते. गाजर, मुळा, बीट यांचा पाला लगेच कापून वेगळा करायचा, पाला राहिला तर तो कंदातलं पाणी ओढून घेतो आणि गाजर दोन दिवसात रबरासारखं वाकतं. मुळ्याचा पाला टाकू नका मात्र, त्याची भाजी होते.

आणि धुवायचं नाही! यावरनं आमच्या घरी सासूबाईंशी माझं चांगलंच वाजलंय, त्यांचं म्हणणं बाजारातनं आलेली वस्तू धुतल्याशिवाय आत ठेवायची नाही. त्यांचं स्वच्छतेचं बरोबर आहे, पण ओली भाजी बंद ठेवली की बुरशीला आमंत्रणच. शेवटी तोडगा असा निघाला की टोमॅटो, काकडी, सफरचंद असलं गुळगुळीत सालीचं त्या धुतात, पण धुतलं तर पंख्याखाली पूर्ण कोरडं करून, पुसून मगच ठेवायचं. पालेभाजी, भेंडी, द्राक्षं, स्ट्रॉबेरी, मशरूम हे मात्र वापरायच्या आधीच धुवायचं, यात तडजोड नाही.

फ्रीजबाहेर राहणारी मंडळी

कांदा, बटाटा, लसूण, रताळं, सुरण, अख्खा लाल भोपळा, अख्खं कलिंगड, नारळ, हे सगळं बाहेर. अंधार, कोरडेपणा आणि वारा एवढंच त्यांना पाहिजे.

बटाटा फ्रीजमध्ये ठेवला की त्यातल्या पिठाची साखर व्हायला लागते, मग तो गोडसर लागतो आणि तळताना आतनं शिजायच्या आधीच काळपट होतो, बऱ्याच जणांना वाटतं तेल खराब आहे. उजेडात ठेवला तर हिरवा पडतो. त्या हिरव्या भागात सोलानिन असतं, ते कडू आणि पोटाला वाईट, म्हणून थोडा हिरवा असेल तर जाड साल काढून तेवढा भाग टाका, सगळाच हिरवा असेल तर बटाटाच टाका. बारीक कोंब आला असेल आणि बटाटा टणक असेल तर कोंब खोलवर काढून चालतो.

कांदा-बटाटा एकत्र ठेवू नका हे सगळेच सांगतात, मी ऐकलं नव्हतं. एका जूनमध्ये दहा किलो कांदा आणि पाच किलो बटाटा एकाच प्लॅस्टिकच्या क्रेटमध्ये ओट्याखाली ढकलला, जागा वाचली म्हणून खूश. पंधरा दिवसांनी असा वास सुटला की आम्ही आधी उंदीर मेला म्हणून शोधत बसलो! बटाट्याचा ओलावा कांद्याला लागतो, वर ओट्याखाली वारा नाही, वर पावसाळा. आता कांदा जाळीच्या पिशवीत खिडकीजवळ टांगलेला असतो आणि बटाटा दुसऱ्या कोपऱ्यात बुट्टीत तरट टाकून. आठवड्यातनं एकदा दोन्ही उलटेपालटे करून बघायचे, एक नासका निघाला की शेजारचे चारपण पुसून घ्यायचे.

लसणाची गड्डी न सोलता टांगायची, फ्रीजच्या थंडीत तिला कोंब फुटतात. सोललेला लसूण किंवा आलं-लसूण पेस्ट मात्र फ्रीजमध्येच. आणि लसूण तेलात घालून बाहेर ठेवायचा प्रकार करू नका, तेलाखाली हवा नसते आणि तिथं बोटुलिझम म्हणजे जिवावर बेतणाऱ्या विषबाधेचे जंतू वाढू शकतात, त्याला वासही येत नाही.

पाला, म्हणजे खरी परीक्षा

मेथी, पालक, शेपू, चाकवत, पोकळा, कांदापात, सगळ्यांची पद्धत एकच. चादरीवर अर्धा ते एक तास पसरून वरचं पाणी जाऊ द्यायचं, पण सुकेपर्यंत नाही, पान हाताला कोरडं लागलं आणि अजून ताठ आहे तेवढंच. पिवळी, सडकी पानं काढायची. मग सुती फडक्यात किंवा कोऱ्या कागदात सैल गुंडाळून डब्यात, झाकण किंचित उघडं. फडकं ओलं वाटलं की बदलायचं, मी साधारण दर दोन दिवसांनी बदलतो. वर्तमानपत्रात गुंडाळायची सवय होती ती सोडली, छपाईची शाई अन्नाला लागणं बरं नव्हे, एफएसएसएआय या सरकारी अन्नसुरक्षा संस्थेनंपण वर्तमानपत्रात अन्न गुंडाळू नका असं सांगितलेलं आहे. ट्रेच्या तळाला चालतं, भाजीला चिकटून नको.

कोथिंबिरीवर जरा जास्त बोलतो कारण महाग झाली की तिची काडी न् काडी मोजली जाते. दोन रस्ते आहेत. तीनचार दिवसात संपणार असेल तर मुळं न तोडता पेंडी मोकळी करायची, काचेच्या बरणीत दोन बोटं पाणी घालून फुलांसारखी उभी ठेवायची, पानं पाण्यात बुडली नाही पाहिजेत, वरनं पिशवी सैल घालायची आणि फ्रीजमध्ये उभी. पाणी दोन दिवसांनी बदला. आणि आठवडाभर पाहिजे असेल तर मुळं कापायची, निवडायची, अजिबात न धुता डब्यात खाली टिश्यू, मध्ये कोथिंबीर दाबून न भरता, वर परत टिश्यू आणि झाकण. माझी अशी ठेवलेली पुढच्या सोमवारपर्यंतही हिरवीगार असते. चिरून ठेवू नका, चिरलेल्या कडा आधी काळ्या पडतात. देठ टाकू नका, पांढऱ्या रश्श्याच्या स्टॉकमध्ये उकळायला घाला.

कढीपत्ता काडीवरनं ओरबाडून कोरड्या डब्यात. मिरचीचे देठ काढायचे, कारण ओलावा देठाच्या मुळाशी साठतो आणि बुरशी तिथनंच चालू होते, देठ काढलेल्या मिरच्या टिश्यू घातलेल्या डब्यात दोन आठवडे सहज जातात. मात्र देठ खुडल्यावर तोच हात डोळ्याला लावू नका, आमच्या इकडच्या लवंगी मिरचीला माया नाही.

फ्रीजमध्ये जागा बघून ठेवा

घरात सिंगल डोअर फ्रीज असेल तर फ्रीजरच्या लगेच खालचा कप्पा सगळ्यात थंड असतो, तिथं पालेभाजी ठेवली की पानं गोठून काचेसारखी दिसतात आणि बाहेर काढल्यावर लगद्यासारखी होतात. खालचा भाजीचा ट्रे त्यामानानं कमी थंड आणि दमट, भाजीची जागा तीच. दारात तापमान सारखं बदलतं, तिथं लिंबाची बरणी, चटण्या ठीक. फ्रीज चार डिग्रीच्या आसपास असावा. ट्रे गच्च भरायचा नाही, हवा फिरायला जागा पाहिजे.

फ्लॉवर, कोबी, गाजर, बीट, गवारी, श्रावणघेवडा यांना थंडी मानवते, कोरडे करून डब्यात किंवा भोकं पाडलेल्या पिशवीत ठेवा, ट्रेमध्ये खाली फडकं. कोबी चिरण्याऐवजी बाहेरनं एकेक पान सोलून वापरला तर आत तसाच ताजा राहतो.

पण वांगी, काकडी, भेंडी, ढबू मिरची आणि टोमॅटो हे उष्ण हवेतले गडी आहेत, त्यांना जास्त थंडी बाधते. कृष्णाकाठची ती काटेरी वांगी चार दिवस फ्रीजमध्ये ठेवून बघा, सालीवर खड्डे पडतात आणि आत बिया तपकिरी. वांगं मी रविवारी आणतो आणि मंगळवारपर्यंत भरून टाकतो, तोपर्यंत बाहेर सावलीत. काकडी, भेंडी दोनतीन दिवस ट्रेमध्ये, कोरडी पुसून, कागदात. कच्चे टोमॅटो बाहेर, देठाची बाजू खाली करून, एकावर एक न रचता. पूर्ण लाल झाले आणि लगेच लागणार नाहीत तरच फ्रीजमध्ये, थंडीत चव मरते, म्हणून कोशिंबिरीला घ्यायच्या आधी थोडा वेळ बाहेर काढा.

लिंबं बाहेर ठेवली की आठवड्यात दगड. पुसून काचेच्या घट्ट झाकणाच्या बरणीत फ्रीजमध्ये ठेवा, तीनचार आठवडे रस राहतो.

फळांचा गॅस

पिकणारं फळ एथिलीन नावाचा गॅस सोडतं, त्यानं शेजारचं फळ पिकतं आणि शेजारचा पाला पिवळा पडतो. केळी, आंबा, पपई, चिक्कू, पेरू, सीताफळ, सफरचंद, पिकलेले टोमॅटो, हे सगळे गॅसवाले. म्हणून सफरचंद आणि पालक एका ट्रेमध्ये नको, गाजराशेजारी सफरचंद ठेवलं तर गाजर कडवट होतं. उलट कच्चा चिक्कू लवकर पिकवायचा असेल तर कागदी पिशवीत एक पिकलं केळं टाकून ठेवा, काम होतं. द्राक्ष, डाळिंब, संत्रं, अननस, स्ट्रॉबेरी तोडल्यावर पुढं पिकत नाहीत, घेताना जशी चव तशीच राहणार, त्यामुळं चाखून घ्या.

केळीचा घड टांगा, फ्रीजमध्ये घालू नका, साल काळी पडते (आत बरं असतं, पण पोरं खात नाहीत). जानेवारीनंतर तासगावकडची द्राक्षं आली की न धुता, फुटके मणी काढून, भोकाच्या पिशवीत फ्रीजमध्ये. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी एका थरात टिश्यूवर. डाळिंब बाहेरच आठवडा काढतं, फ्रीजमध्ये महिनासुद्धा. कापलेलं कलिंगड झाकून फ्रीजमध्ये, दोनतीन दिवसात संपवा, बाहेर दोन तासांच्या वर नको.

हापूसची पेटी आली की आढी घालायची. खोक्यात भाताचा पेंढा, त्यावर आंबे एकमेकाला न चिकटता, परत पेंढा, असे दोन थर, तीनाच्या वर नको, खालचे दबतात. रोज हात फिरवायचा, वास आला आणि हाताला किंचित दबला की काढायचा. कच्चा आंबा फ्रीजमध्ये गेला की तो नीट पिकतच नाही, साल सुरकुतते आणि आत पांढरट राहतो. पिकल्यावर मात्र फ्रीज चालतो, चारपाच दिवस. कॅल्शियम कार्बाइडच्या पुड्या घालून फळं पिकवायला कायद्यानं बंदी आहे, घरी कुणी सुचवलं तरी ऐकू नका.

पावसाळा आणि उन्हाळा

जून ते सप्टेंबर आमच्याकडं हवा एवढी ओली की मीठसुद्धा पाणी सोडतं. या चार महिन्यात साठा निम्मा करा, फडकी रोज बदला, बुट्टी भिंतीपासनं लांब आणि जमिनीपासनं वर, पाटावर. ऑगस्ट २०१९ चा महापूर आठवतोय? शिरोलीजवळ हायवेवर पाणी, गाड्या बंद, भाजी येईना आणि आमच्या गल्लीत लाइटही नव्हती. फ्रीज त्या दिवसांत नुसतं कपाट झालं. तेव्हा घरात टिकलं काय, तर अख्खा भोपळा, सुरण, कांदा-बटाटा, लसूण आणि डाळी. तेव्हापासनं जुलै लागला की मी एक न कापलेला भोपळा आणि एक सुरण आणून ठेवतोच, २०२१ च्या जुलैमध्ये परत पाणी आलं तेव्हा तोच उपयोगी पडला. लाइट गेली तर फ्रीजचं दार सारखं उघडू नका, बंद ठेवलं तर आत साधारण चार तास थंडावा राहतो.

मार्च ते मे मात्र उलटं, हवा कोरडी, आणि तेव्हा मडक्याचा फ्रीज मस्त चालतो. कुंभाराकडनं एक मोठं मडकं आणि त्याच्यात बसेल असं लहान मडकं आणा, दोन्हीच्या मध्ये दोन बोटं जागा राहिली पाहिजे. तळाला वाळू, लहान मडकं आत, मधल्या जागेत वाळू भरायची आणि ती सकाळ-संध्याकाळ ओली करायची. आत भाजी, वर ओलं फडकं, सावलीत वाऱ्याच्या जागी. वाळूतलं पाणी वाफ होताना उष्णता घेऊन जातं. दिल्लीच्या पुसा संस्थेनं याच तत्त्वावर विटा आणि वाळूचा बिनविजेचा शीतकक्ष केलाय. वांगी, टोमॅटो, काकडी, ढबू या फ्रीजला कंटाळणाऱ्यांना हे फार मानवतं. पावसाळ्यात याच्या नादाला लागू नका, पाणी वाफच होत नाही, नुसती बुरशी.

फ्रीजरमध्ये वाटाणा

डिसेंबर-जानेवारीत वाटाणा स्वस्त होतो तेव्हा चारपाच किलो सोलून ठेवतो. उकळत्या पाण्यात दीड-दोन मिनिटं, लगेच बर्फाच्या पाण्यात, निथळून फडक्यावर पूर्ण कोरडा, मग ताटात एका थरात फ्रीजरला आणि दगड झाला की पिशव्यांत. कोरडा केला नाही तर सगळा एकच गोळा होतो आणि बत्त्यानं फोडावा लागतो, केलंय मी. उकळल्यानं रंग आणि चव टिकते, नुसता कच्चा ठेवला तर काही महिन्यांत गवतासारखा लागतो. खोवलेला नारळ मात्र तसाच छोट्या डब्यांत ठेवला तरी चालतो.

शुक्रवार-शनिवार

खायचा क्रम पाला, मग वांगी-भेंडी-काकडी, मग फ्लॉवर-गवारी, शेवटी कोबी, गाजर, बटाटा. मलूल पडलेलं गाजर किंवा पालक गार पाण्यात वीस मिनिटं बुडवा, परत ताठ होतं. बुरशी आलेलं मऊ फळ किंवा टोमॅटो पूर्ण टाका, बुरशी दिसते त्याच्या आत पसरलेली असते, कोबी-गाजरासारख्या टणक भाजीला बुरशीच्या बाजूनं आणि खालनं इंचभर कापून बाकीचं वापरता येतं. मऊ झालेल्या टोमॅटोचा शिजवून ठेचा नाहीतर सार. शनिवारी रात्री ट्रे बाहेर काढून खायच्या सोड्याच्या पाण्यानं पुसायचा, उलटा वाळवायचा, तळाला नवीन फडकं घालायचं आणि चादर घडी करून दारात पिशव्यांच्या शेजारी ठेवायची.